निकोलाची सुट्टी: पुस्तकातला पोरगा सिनेमात कुठे गेला?

अनुस्वार
लेखक गोसिनी आणि चित्रकार सांपे या जोडीचं 'निकोलाच्या सुट्ट्या' (१९६२) ज्यांनी वाचलंय आणि लोराँ तिरारने त्यावर काढलेला २०१४ चा सिनेमाही पाहिलाय, त्यांच्यासाठी हा धागा. दोन्हींपैकी एकच झालं असेल तरी या, इथे प्रवेशपरीक्षा नाही.

माहीत नसणाऱ्यांसाठी: निकोला हा फ्रान्समधला शाळकरी पोरगा. गोष्टी तोच सांगतो, एका दमात, 'आणि मग' करत. पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्यात तो आईबाबांबरोबर ब्रिटनीच्या किनाऱ्यावर बँ-ले-मेर नावाच्या गावी, हॉटेल बो-रिव्हाजमध्ये जातो. दुसऱ्यात त्याला एकट्यालाच मुलांच्या सुट्टीतल्या शिबिराला पाठवतात.

आता माझी तक्रार. पुस्तकात मी निकोलामुळे हसते आणि सिनेमात त्याच्या बाबांमुळे. काद मेराद (बाबा) आणि वालेरी लमेर्सिए (आई) दोघं धमाल करतात, प्रश्नच नाही. पण आईला सिनेमात घ्यायला निघालेला इटालियन निर्माता, बाबांचा जळफळाट, सोबत आणलेली आजी, या सगळ्यात पोरगा उरतो कडेला, वाळूत किल्ले करत. शिबिराचा, म्हणजे पुस्तकाचा अर्धा, भाग तर सरळ गाळून टाकलाय.

प्रश्न असा की हे दिग्दर्शकाला जमलं नाही, की असलं पुस्तक पडद्यावर आणणंच शक्य नाही? आणि जाता जाता, माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. सुट्टीत त्याला आधी काय द्यावं?

कडबोळं
आधी पुस्तक. सिनेमा पाहिलेला पोरगा पुस्तक उघडत नाही. स्वानुभव.

उंटावरून
सिनेमा पाहिलाय, पुस्तक नाही. बायको, मी, दोन्ही पोरं, सगळे खळाळून हसलो. इतकं पुरेसं नाही का हो? प्रत्येक सिनेमाला पुस्तकाच्या तराजूत घालायची ही मराठी खोड काही जात नाही.

मंगळवारपेठी
@उंटावरून, तुमच्या हसण्याला कोणाचीच हरकत नाही. पण धाग्याचं नावच तुलना आहे, तेव्हा तराजू इथे लागणारच.

मी पुस्तक फ्रेंच शिकताना वाचलं. रानडे इन्स्टिट्यूटमधले आमचे दिवस. क्रियापदांनी जीव काढलेला असताना हे हाती आलं, आणि परदेशी भाषेत आपण एका विनोदाला चक्क हसलो, तेही कोणी समजावून न सांगता, याचाच आनंद जास्त झाला होता.

अनुस्वारताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्याच गोष्टीत सापडतं. निकोला सांगतो की दरवर्षी, म्हणजे गेल्या वर्षी आणि त्याच्या आधीच्या वर्षी, त्याआधीचं काही त्याला आठवत नाही, सुट्टीत कुठे जायचं यावरून आईबाबांचं भांडण होतं. आई रडते, माहेरी जाते म्हणते. निकोलाही रडतो, कारण आजी आवडते पण आजीकडे समुद्र नाही. शेवटी आईला हवं तिथेच सगळे जातात, आणि ते ठिकाण आजीचं घर नसतं. यंदा मात्र बाबा जाहीर करतात की निर्णय मी घेणार, दक्षिणेकडे बंगला घेतलाय भाड्याने. आई बिचारी फक्त प्रश्न विचारते. गोष्ट संपते तेव्हा ब्रिटनीतल्या हॉटेलची खोली पक्की झालेली असते.

या सगळ्यात 'आईने बाबांना गुंडाळलं' असं एक अक्षर नाही. निकोलाला ते दिसतच नाही. ते आपल्याला दिसतं, त्याच्या खांद्यावरून. कॅमेऱ्यापुढे हेच करायचं तर आईच्या चेहऱ्यावर ते आलं पाहिजे. आलं की ते सगळ्यांना दिसलं, निकोलाला न दिसण्यातली गंमत गेली.

खिडकीजवळची
+१. आणि हे लंपनला तंतोतंत लागू. प्रकाश नारायण संतांचा लंपन 'मॅड'सारखं काहीतरी बोलून जातो आणि त्याला न कळलेलं आपल्याला कळतं.

राजापुरीण
आजीकडे समुद्र नाही म्हणून रडणारं पोर वाचून मला भरून आलं हो! आमची आजी राजापूरला. समुद्र जवळ, फणस दारात, आणि बाबांना कधी निर्णय घ्यायची वेळच आली नाही. मे महिना म्हणजे आजोळ, विषय संपला. एसटीत खिडकीपाशी कोण बसणार एवढीच काय ती भांडणं.

आमच्याकडे सुट्टी म्हणजे 'हॉटेलात जाऊन राहायचं' ही कल्पनाच नव्हती. आईबाबा पैसे मोजून परक्यांच्यात आठवडाभर राहतात, तिथे नवी पोरं भेटतात आणि परत कधीच भेटत नाहीत, हे वाचताना मला विनोदापेक्षा तेच नवल वाटलं होतं.

ल्योंवासी
@राजापुरीण, नवल आहेच, आणि त्यामागे फ्रान्सचा इतिहास आहे. इथे कामगारांना पगारी सुट्टीचा कायदा १९३६ साली झाला, दोन आठवड्यांचा. तिसरा आठवडा १९५६ ला मिळाला, चौथा १९६९ ला. निकोलाच्या गोष्टी 'स्यूद-वेस्त दिमाँश' या बोर्दोच्या रविवारच्या वर्तमानपत्रात १९५९ पासून यायला लागल्या. म्हणजे मध्यमवर्ग गाडी काढून किंवा आगगाडीने समुद्रावर जायला नुकता सरावत होता तोच काळ. एका किनाऱ्यावर अख्खा देश, प्रत्येकाची छत्री रोवलेली, आणि बापांना वर्तमानपत्र वाचत निवांत पडायचंय. पोरांचं काय करायचं हे कोणालाच माहीत नाही.

सुट्टीतली शिबिरं हाही तिथला मोठा पसारा होता. नगरपालिका, कारखाने, चर्च, सगळे आपापली शिबिरं चालवायचे. म्हणून शिबिराचा भाग सिनेमातून गाळला हे मला फार लागलं. पुस्तकातला तोच भाग अस्सल आहे. आईबाबांना वाटतं, पोराला एकटं पाठवायचं कसं सांगावं, रडेल बिचारा. सांगतात तेव्हा हा खूश! आणि मग पडतात ते आईबाबांचेच चेहरे. स्टेशनवर निरोप देतानाही अवस्था तीच.

तिरकस
शिबिर गाळलं नसतं तर आई-बाबा अर्धा सिनेमा गायब. मग मेराद आणि लमेर्सिएच्या नावावर तिकिटं कशी विकणार? उत्तर मिळालं. धागा बंद करा.

अनुस्वार
@तिरकस, एवढ्यात नाही बंद करत. तिकिटांचंच काढलंत तर याच दिग्दर्शकाचा पहिला निकोला-पट (२००९, शाळेवरचा) फ्रान्समध्ये ५० लाखांच्या वर प्रेक्षकांनी पाहिला. सुट्टीवाला त्याच्या निम्म्यालाही पोचला नाही. आईबाप वाढवून काय मिळालं मग?

@मंगळवारपेठी, 'खांद्यावरून' हे आवडलं. पण २००९ च्या सिनेमातही कॅमेरा होताच की. तिथे निकोला हरवला नव्हता.

मंगळवारपेठी
कारण तिथे वर्ग होता. अख्खी टोळी. पोरं पोरांशी वागतात तेव्हा प्रौढांच्या डोळ्यांची गरज कमी पडते. किनाऱ्यावरही टोळी आहेच, पण सिनेमात तिला कामच दिलेलं नाही. एकेकाला एक गुण चिकटवून दिला: एक सगळं खातो, एक रडतो, एकाला कायम आपलंच खरं करायचंय, एक इंग्रज. झालं.

खिडकीजवळची
त्या टोळीची तर खिचडीच केलीय! रडका क्रेपँ म्हणून सिनेमात जो किनाऱ्यावर आहे, तो क्रेपँ पुस्तकात शिबिरात भेटतो, आणि तिथला रडका पोलँ. इंग्रज पोरगा जोजो तर या पुस्तकातलाच नाही, पहिल्या पुस्तकातल्या शाळेतला. आणि ज्याच्याबद्दल निकोला दर वेळी 'काय मूर्ख आहे हा' म्हणतो तो मामेर मला सिनेमात दिसलाच नाही. माझा सगळ्यात लाडका होता तो.

'हा सुट्टीवर नाही कारण हा इथलाच' हे वाक्य पुस्तकात इव्हबद्दल आहे, सिनेमात ते ब्लेझला दिलंय.

मांडवीकाठ
थांबा थांबा. इव्हबद्दल कोणीतरी बोलायलाच हवं होतं. आम्ही पणजीकर सगळे इव्ह! अख्खा देश सुट्टीला आमच्याकडे येतो आणि आम्ही सकाळी ऑफिसला जाताना त्यांच्या भाड्याच्या स्कूटरींमधून वाट काढतो. लहानपणी मिरामारला पुण्या-मुंबईची पोरं भेटायची, चार दिवस जिवलग, मग गाडी सुटली की संपलं. पुढच्या आठवड्यात नवी पोरं. त्यांना वाटायचं आमची मज्जा आहे. आम्हाला वाटायचं यांची.

इव्हच्या बाजूने लिहिलेलं पुस्तक कोणी काढलं तर मी दोन प्रती घेईन.

कडबोळं
मांडवीकाठ, तुम्हीच लिहा. नाव 'सुट्टी त्यांची'.

राजापुरीण
आमच्या आजोळीही शेजारची पोरं अशीच होती. आम्ही 'मुंबैकर' म्हणून आमचं कौतुक, आणि आंबे उतरवायचं काम त्यांना. आता लिहिताना जाणवतंय की त्यातल्या एकाचंही पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

उंटावरून
धागा फ्रान्सहून कोकणात, कोकणातून गोव्यात. आता कारवार की केरळ?

प्रा_निवृत्त
सर्वांचं वाचलं. एक मुद्दा राहिला आहे आणि मला तो मुख्य वाटतो: सांपेची चित्रं.

निकोलाच्या निर्मितीत चित्रकार निम्मा वाटेकरी आहे. सांपे पोरं फार बारीक काढतो. भलामोठा किनारा किंवा उंच खोली, आणि तळाशी मुंगीएवढे जीव आरडाओरडा करताहेत. मजकूर पोराच्या तोंडून येतो आणि चित्र दुरून, कुठल्याशा गच्चीवरून पाहिल्यासारखं. कानाला पोरगा आणि डोळ्याला हे अंतर, या दोहोंच्या मध्ये विनोद घडतो. म्हणून 'असलं पुस्तक पडद्यावर आणणं अशक्य' हे मला मान्य नाही. त्याच प्रकारचा किनारा, त्याच प्रकारचं हॉटेल, फ्रेंच दिग्दर्शक जाक तातीने १९५३ साली 'मस्य ह्यूलोच्या सुट्ट्या'मध्ये दाखवलं, सँ-मार्क-स्यूर-मेर या गावी चित्रीकरण करून. तातीचा कॅमेरा दूर उभा राहतो. कोण कुठे गडबडतंय ते आपण शोधायचं. संवाद जवळजवळ नाहीत. हसायला सांगायला कोणी येत नाही.

तिराराने उलट केलं. चित्रीकरण नुआर्मुतिए बेटावर, जागा देखणी, रंग सुरेख, पण ओळखीचे नट घेतले की त्यांच्या जवळ जावं लागतं. जवळ गेलं की सांपेचा किनारा मागे पुसट होतो आणि पुढे मेरादच्या भुवया राहतात.

तिरकस
सर, भुवयांचा अपमान सहन केला जाणार नाही. त्या सिनेमात त्या एकट्याच अभिनय करत होत्या.

ल्योंवासी
प्रा. सर, एकदम पटलं. दिग्दर्शकाने या दोन निकोला-पटांच्या मध्ये २०१२ साली अॅस्टेरिक्स या चित्रकथेवरही एक सिनेमा केला. गोसिनीचंच लेखन. म्हणजे माणूस गोसिनीत मुरलेला होता. पण सांपे त्याला परका राहिला असावा.

मंगळवारपेठी
सर, अंतराचं मान्य. पण ताती त्याच्या किनाऱ्यावर कोणाच्या शब्दांनी बांधलेला नव्हता, गोष्ट त्याची स्वतःची. तिराराला निवेदक पोरगा सांभाळायचा होता, आणि त्याने तो निवेदनाच्या आवाजात टाकला. पडद्यावर जे दिसतंय तेच आवाज सांगतो. दोनदा सांगितलेला विनोद!

धुकट
मी इथे बराच काळ फक्त वाचत असतो, पण आता राहवत नाही. सगळे इझाबेलला विसरले का? ती गोल डोळ्यांची मुलगी, नुसती टक लावून बघणारी. निकोलाला वाटतं की आईबाबा आपलं तिच्याशी जबरदस्तीने लग्न लावणार. ते तसं मुळीच नाही, पण त्याच्या डोक्यात ते पक्कं, आणि सिनेमा ती पोरगी भुताच्या चित्रपटातल्यासारखी दाखवतो. कॅमेरा तिथे पूर्णपणे निकोलाच्या डोक्यात आहे! म्हणजे 'पोराला काय कळलं' आणि 'खरं काय होतं' यातली फट पडद्यावर दाखवता येते, दिग्दर्शकाने ती दाखवलीही. फक्त तेवढ्यापुरतीच. उरलेल्या वेळात तो बाबांकडे गेला.

शिवाय हा भाग पुस्तकात नाही. म्हणजे सिनेमा पुस्तकापासून जिथे सुटला तिथेच तो पुस्तकाच्या सर्वांत जवळ गेला.

अनुस्वार
@धुकट, वाचत कसले बसता, लिहीत जा! माझं निम्मं मत तुम्ही हलवलंत. घरी पण इझाबेलच्या प्रसंगांना हशा वेगळाच होता, खरंच. पण मग माझा राग दुप्पट होतो. जमत होतं तर अख्ख्या सिनेमाभर का नाही केलं?

उंटावरून
इझाबेल!! हो!! माझी धाकटी अजून जेवताना भावाकडे तशी बघते. तो ताट घेऊन उठतो.

राजापुरीण
आजीबद्दल बोला ना कोणी. पुस्तकात आजीचं घर टाळण्यासाठी तर सगळा खटाटोप, आणि सिनेमात आजीच सहलीला! दोमिनिक लाव्हानाँने काम चांगलं केलंय, पण जावई-सासू हा विनोद आपण मराठी नाटकांत पोटभर पाहिलाय. त्यासाठी ब्रिटनीपर्यंत कशाला?

कडबोळं
सासूवरचे विनोद जगात सगळीकडे सारखेच शिळे असतात हे कळून मला तर बरं वाटलं.

खिडकीजवळची
पुस्तकातला माझा आवडता किस्सा व्यायामशिक्षकाचा. किनाऱ्यावर एक धडधाकट तरुण येतो, पोरांना व्यायाम शिकवतो म्हणतो. सगळे बाप खूश, आता निवांत वाचता येईल. आणि मग त्या तरुणाचं जे होतं! प्रत्येक पोराला काहीतरी वेगळंच करायचंय, आणि निकोला हे सगळं अगदी प्रामाणिकपणे, कौतुकाने सांगतो. त्याच्या मते सगळे नीटच वागत होते. उन्हाळी छंदवर्गांना पोरं धाडणाऱ्या तमाम पालकांनी वाचावं.

मांडवीकाठ
छंदवर्गाचं नाव काढू नका. आमच्या सोसायटीत गेल्या मे महिन्यात 'व्यक्तिमत्त्व विकास' घेणारे गृहस्थ आठवड्यात गायब झाले. पोरं अजून त्यांना फोन करून गोष्टी सांगायला बोलावतात.

प्रा_निवृत्त
अवांतर, पण संबंध आहे. गोसिनीचं बालपण फ्रान्समध्ये गेलंच नाही. जन्म पॅरिसचा (१९२६), पण कुटुंब लवकरच ब्वेनोस आयरेसला गेलं आणि शाळा तिथली. सांपे बोर्दोजवळच्या पेसाकचा (१९३२), घरात गरिबी, मारहाण, भांडणं. निकोलाचं निर्धास्त फ्रेंच बालपण या दोघांपैकी एकाच्याही वाट्याला आलेलं नव्हतं. पुस्तकातली सुट्टी म्हणूनच इतकी नितळ आहे, असं माझं मत. सिनेमातला नितळपणा जाहिरातीतल्यासारखा वाटतो, सगळे पोहण्याचे पोशाख नुकतेच इस्त्री केलेले.

तिरकस
इस्त्रीवर सहमत. वाळूसुद्धा चाळून घेतलेली होती.

ल्योंवासी
सरांनी दोघांची बालपणं काढलीत तर मग २०२२ चा अॅनिमेशनपट पाहिलाच पाहिजे. आमांदिन फ्रेदों आणि बेंजामँ मासुब्र यांचा. आनसीच्या अॅनिमेशन महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यात गोसिनी आणि सांपे हीच पात्रं आहेत, टेबलाशी बसून निकोला घडवताहेत, आणि निकोला कागदावरून उतरून त्यांच्याशी बोलतो. पटकथेत गोसिनीची मुलगी आन हिचा हात आहे. रेषा सांपेची, आणि कडेचा कागद कोराच सोडलेला, त्याच्या चित्रांत असतो तसा. सरांनी सांगितलेलं अंतर तिथे जसंच्या तसं आहे. सांपे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेला. गोसिनी तर १९७७ लाच गेला होता, जेमतेम ५१ वर्षांचा.

अनुस्वार
हा माझ्याकडून राहिलाय. आज रात्री शोधते.

मंगळवारपेठी
पाहिलाय. कबूल, माझं 'कॅमेऱ्यापुढे गंमत जाते' हे तिथे लागू पडत नाही. रेखाटलेल्या आईच्या चेहऱ्यावर दोन ठिपके आणि एक रेघ. तिने बाबांना गुंडाळलं की नाही हे पाहणाऱ्यानेच ठरवायचं. खऱ्या नटीला चेहरा कोरा ठेवायला सांगणं अवघड. पण सुट्टीचे प्रसंग त्यात थोडेच आहेत, शाळा आणि लेखकांचं आयुष्य जास्त. अनुस्वारताईंच्या पुस्तकाचा सिनेमा अजून झालेला नाही असंच मी म्हणेन.

खिडकीजवळची
लंपनवर निपुण धर्माधिकारीने मालिका केली (२०२४), ती पाहिली का कोणी? तिथे वेळ होता. घर, आजी-आजोबा, रस्ता, सगळ्याला जागा मिळाली. दीड तासात कथासंग्रह कोंबायचा तर एक धागा लागतो, आणि तो धागा बहुतेक वेळा मोठ्या माणसांचाच सापडतो. सुट्टी ही सुटी-सुटीच असते हो, तिला कथानक नसतं. निकोला मालिकेतच शोभेल.

धुकट
याला जोरदार अनुमोदन. एक भाग पावसाचा, सगळे हॉटेलात कोंडलेले. एक मिनी गोल्फचा. एक शिबिरातल्या दुपारच्या सक्तीच्या झोपेचा. आणि इझाबेल दर भागात एकदा, दाराशी.

उंटावरून
बरं, पुस्तक मिळवायचं कुठून? तुम्ही सगळ्यांनी मिळून मला मोहात पाडलंय, तराजूसकट.

मंगळवारपेठी
इंग्रजी अनुवाद अँथिया बेलचा घ्या. अॅस्टेरिक्सवालीच ती. फायडनने काढलेली आवृत्ती. चित्रं नसलेली फाटकी पीडीएफ वाचू नका, सर रागावतील.

प्रा_निवृत्त
नुसता रागावणार नाही.

अनुस्वार
मुलाचा निकाल सांगते. पुस्तक हातात दिलं, मोठ्याने मीच वाचायला लागले, दुसऱ्या गोष्टीपासून त्याने हिसकावून घेतलं. मग सिनेमा लावला. अर्ध्यावर म्हणाला, "आई, हा निकोला गप्प का आहे एवढा?" मी म्हटलं निवेदन चालू आहे की. तर म्हणे, ते नाही, खेळताना गप्प आहे.

आता त्याला शिबिराला जायचंय. एकट्याला. त्याच्या बाबांनी दोन दिवस विषय टाळलाय.

तिरकस
बाबांना सांगा, निर्णय तुम्हीच घ्या. मग फॉर्म भरून टाका.

नवखा_सदस्य
नमस्कार, मी इथे नवीन. हा निकोला म्हणजे नाताळात भेटवस्तू आणणारे ते संत निकोलस का? त्यांचं बालपण किनाऱ्यावर गेलं हे माहीत नव्हतं.

कडबोळं
या, बसा. हा सुट्टीवर आहे. ते डिसेंबरात येतात.